वाढत्या अंगाची खोळ

जुन्नरला रेल्वे जात नाही, हा काही इनायत गार्डांचा गुन्हा नव्हता. पण त्यांच्या पत्नी अजीजुन्निसाबी गेली सत्तावीस वर्षं तो त्यांच्याच नावावर मांडत आल्या होत्या. त्यांची धाकटी बहीण जैतुनबी लग्न होऊन जुन्नरला गेली. नवऱ्याच्या पासावर दिल्लीपासून रायचूरपर्यंत कुठंही फुकट जाता येत असताना लोणावळ्यापासून सत्तर मैलांवरचं बहिणीचं घर काही अजीजुन्निसाबींना बघायला मिळालं नव्हतं. सर्व्हिस मोटारीनं जाऊ म्हटलं की गार्डसाहेब कानांना हात लावत. ज्या वाहनाला वेळापत्रक नाही, शिट्टी नाही, गार्ड नाही, आणि रस्त्यात कुणी कोंबडी हातात धरून उभा राहिला की जे थांबतं, त्यात रेल्वेचा माणूस बसत नसतो, असं त्यांचं मत होतं. जैतुनबीच दोनदा लोणावळ्याला येऊन गेली होती. यंदा तिचं पत्र आलं, की गुडघे पार गेले, आता उंबरासुद्धा ओलांडवत नाही, तू आलीस तरच आपली भेट.

हे पत्र अजीजुन्निसाबींनी नवऱ्याला वाचून दाखवलं नाही. घडी करून त्यांच्या चष्म्याच्या घरात ठेवलं, आणि चष्मा ठेवायला जागा उरू दिली नाही.

गार्डसाहेब माणूस वाईट नव्हता. पत्र वाचून त्यांना दोन रात्री झोप लागली नाही. निवृत्त होऊन वर्ष झालं होतं, त्यामुळे ड्यूटीचं कारण उरलं नव्हतं, आणि सर्व्हिस मोटारीबद्दलचं मत तर बदलणं शक्य नव्हतं. अशा पेचात असताना, छत्तीस सालच्या वैशाखात खंडाळ्याचा एक साहेब कायमचा विलायतेला निघाला. त्याच्या सामानाचा लिलाव झाला. सारं लोणावळं तिथं टेबलं-खुर्च्या बघत होतं, आणि गार्डसाहेबांनी सरळ त्याचं मोटारघर उचललं.

मोटारघर म्हणजे लॉरीच्या सांगाड्यावर बांधलेली लाकडी खोली. आत दोन बाकं, भिंतीला घडी होऊन चिकटणारं टेबल, स्टोव्हची जागा, हात धुवायला एक चिमुकली मोरी आणि खिडक्यांना पडदे. पुढं ड्रायव्हरची बैठक वेगळी. साहेबाला प्रवासात ड्रायव्हरचं तोंड बघायचं नसावं, कारण मध्ये दारच नव्हतं. गार्डसाहेब आत जाऊन उभे राहिले आणि त्यांना भरून आलं. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्यांच्या शेपटाला बसून काढली होती, आणि हा डबा त्यांचा स्वतःचा होता.

"आता जुन्नर," ते बायकोला म्हणाले.

"कधी?"

"गुरुवारी. बजरंगला सांगितलंय."

बजरंग हा दुधाची लॉरी चालवणारा कामशेतचा तरुण माणूस. मोटार चालवणं आणि दुरुस्त करणं दोन्ही जाणणारा. अजीजुन्निसाबींनी त्याच संध्याकाळी पत्र्याची पेटी भरली. तळाला जैतुनबीसाठी घेतलेलं लुगडं, वर स्वतःचे कपडे, त्यावर खोबऱ्याच्या वड्या. पेटीला कुलूप लावून त्या तिच्यावरच बसून राहिल्या.

बुधवारी सकाळी वळवणचा अंबाजी दूध घालायला आला. अंबाजीच्या चार म्हशी होत्या आणि त्याचा सल्ला दुधापेक्षा घट्ट असे. भांगरवाडीतल्या अंगणात उभ्या असलेल्या मोटारघराला त्यानं दोन फेऱ्या मारल्या.

"गार्डसायेब, मोटार झ्याक हाय. पर पावसाळ्यात हिला ठिवणार कुटं?"

झालं! गाडी कुठं उभी राहणार हे ठरल्याशिवाय गाडी सोडायची नाही, हे गार्डसाहेबांच्या रक्तात भिनलेलं होतं. लोणावळ्याचा पाऊस म्हणजे चार महिने भिंतीत बोट घातलं तर ओलं निघावं असा. छपराला साहेबानं लावलेलं लाकूड, त्यावर रंग. त्यांनी गुरुवारचं प्रस्थान तहकूब केलं.

"अहो, पावसाळ्याला अजून महिना-दीड महिना आहे," अजीजुन्निसाबी म्हणाल्या. "चार दिवसांत जाऊन येऊ, मग बसा विचार करत."

"आणि वाटेत वळीव आला तर? आधी संरक्षण, मग प्रस्थान."

त्या दिवसापासून भांगरवाडीत तीन पक्ष पडले. अंबाजीचा पक्ष गवताचा. लोणावळ्यात बंगल्यांच्या भिंतींना पावसाआधी गवताच्या झडी बांधतात, तशाच चारी बाजूंनी मोटारीला बांधाव्यात. दुसरा पक्ष बद्रुद्दीन शिंप्याचा. बाजारात त्याचं दुकान होतं आणि शाळेच्या कोटांत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याचं म्हणणं, जाड मांजरपाटाची दुहेरी खोळ शिवावी, उशीला घालतो तशी. तिसऱ्या पक्षात एकटा बजरंग.

"गार्डसायेब, हिला कायबी घालू नका. लोखंडाला आन लाकडाला वारा पायजे. कापड घातलं की आत घाम येतो, बुरशी धरती. आन वाऱ्यानं कापड फडफडलं की रंग सोलून काढतं, बघा."

"आणि उघडी ठेवली तर?"

"भिजंल. आन वाळंल. म्हस न्हाई का भिजत?"

म्हशीचं उदाहरण गार्डसाहेबांना पटलं नाही. अशा बाबतीत कुणाचंही ऐकायचं नसतं, चौकशी करायची असते. त्यांनी प्रयोग ठरवला. सारख्या मापाच्या तीन पत्र्याच्या पेट्या अंगणात मांडल्या. एक उघडी, एक कापडात गुंडाळलेली, एक गवतात. रोज सकाळी बरोबर सव्वासात वाजता प्रत्येकीवर तीन बादल्या पाणी ओतायचं आणि वहीत नोंद करायची. एक पेटी त्यांची, एक बद्रुद्दीनची, आणि तिसरी मिळेना तेव्हा जुन्नरसाठी भरून ठेवलेली. अजीजुन्निसाबींनी ती स्वतः रिकामी केली. वड्या त्यांनी शेजारी वाटून टाकल्या आणि त्या दिवशी नवऱ्याच्या ताटात डाळ फार पातळ पडली.

पाचव्या दिवशी गवताची पेटी अंबाजीच्या म्हशीनं खाल्ली. म्हणजे पेटी नव्हे, गवत. पण पेटीवर तिनं पाय ठेवला, त्यामुळे पेटीचंही फार काही उरलं नाही. 'सात चाळीस. म्हैस एक. मालक अंबाजी. गवत संपूर्ण,' अशी नोंद झाली आणि गवताचा पक्ष तिथंच बाद झाला. आठव्या दिवशी उघड्या पेटीवर गंजाचे चट्टे दिसले. कापडातल्या पेटीवर गंज नव्हता, पण उघडल्यावर असा कुबट वास आला की बद्रुद्दीनसुद्धा दोन पावलं मागं सरला. आता दोन्ही वाईट म्हटल्यावर निकाल काय द्यायचा? गार्डसाहेबांनी तीन दिवस विचार केला. गंज जात नाही, वास धुपानं जातो, सबब कापड.

बद्रुद्दीन मोटारीचं माप घ्यायला आला तो गळ्यात टेप घालून, नवरदेवाचं माप घ्यायला यावं तसा. त्यानं मोटारीची छाती मोजली, पाठ मोजली, घेर मोजला. पुढच्या इंजिनाच्या आणि ड्रायव्हरच्या भागासाठी वेगळं टोपडं शिवायचं आणि ते नाडीनं मूळ खोळीला बांधायचं, ही त्याची स्वतःची कल्पना. दारासमोर एक चीर ठेवून तिला बावीस बंद.

कापड दुकानात पडलं त्या दिवशी नगरपालिकेच्या कचेरीतून हौशीराम कारकून आला. त्याच्या कानावर गेलं होतं की गार्डसाहेब अंगणात काहीतरी उभारताहेत.

"साहेब, उघडी असेल तर ती मोटार. कापडानं झाकली तर तंबू. तंबूला परवानगी लागते," तो अदबीनं म्हणाला.

"आत मोटारच आहे ना पण?"

"आत काय आहे ते कचेरीला दिसत नाही. चाकं दिसली पाहिजेत. चाकं दिसली की ते वाहन."

"आणि गवतानं झाकली असती तर?"

"तर झोपडी. मग बांधकामाचा नकाशा."

गार्डसाहेबांना हौशीराम एकदम आवडला. इतक्या नियमानं बोलणारा माणूस त्यांना निवृत्तीनंतर प्रथमच भेटत होता. चाकं दिसतील अशी खोळ वीतभर आखूड करायचं ठरलं. तो अर्ज, त्यावरचा शेरा, शेऱ्यावरचं उत्तर, यात पुढचे बारा दिवस गेले. अजीजुन्निसाबी मधूनमधून आकाशाकडं बघत आणि मग नवऱ्याकडं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात खोळ आली. चढवायला सहा माणसं लागली. चढवून झाल्यावर सगळे मागं सरून बघू लागले. खोळ चारी बाजूंनी हातभर मोठी होती. वाऱ्याची झुळूक आली की ती फुगे, आणि गेली की पोटात गेल्यासारखी बसे.

"बद्रुद्दीन, हे काय?" गार्डसाहेबांचा आवाज बारीक झाला.

"वाढत्या अंगाचं शिवलंय, साहेब."

"मोटार वाढते का?"

बद्रुद्दीननं खोळीची कड चाचपली. चाळीस वर्षं पोरांचे कोट शिवून त्याच्या हाताला जी सवय लागली होती, ती हातानं त्याला न विचारता वापरली होती. पण शिंपी आपली चूक कबूल करील तर तो शिंपी कसला! "मोटार वाढत नाही," तो म्हणाला, "पण कापड कोरं आहे. ते आटणार. ते धरूनच ढील दिलीय. पहिल्याच पावसात अंगाबरोबर बसेल, बघा तुम्ही."

आणि पहिल्याच आठवड्यात पाऊस लागला, लोणावळ्याला लागतो तसा, आडवा. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला गार्डसाहेब काळा कोट आणि टोपी घालून, घड्याळ, वही आणि बिस्किटांचा डबा घेऊन मोटारघरात शिरले. गळती आहे की नाही ते प्रत्यक्ष आत बसून पाहायचं होतं. "चीर बांधून टाक, बद्रुद्दीन," त्यांनी आतून हुकूम दिला. "सगळे बावीस. पाहणी कशी पुरी व्हायला पाहिजे."

दर दहा मिनिटांनी ते वहीत 'गळती नाही' लिहीत होते. पावणेनऊपर्यंत चौदा वेळा 'गळती नाही' झालं. त्यांना इतका आनंद झाला की सहा आठवड्यांचं सगळं चीज झालंसं वाटलं. टोपी नीट करून त्यांनी दार ढकललं. दार बाहेर उघडणारं होतं. ते उघडलं नाही.

कापड बद्रुद्दीननं सांगितल्याप्रमाणे आटलं होतं. फक्त त्याच्या अंदाजाच्या दुप्पट आटलं होतं. खोळ मोटारीच्या अंगाला अशी चिकटून बसली होती की खिडकीच्या चौकटी वरून मोजता याव्यात. बावीस बंद पाणी पिऊन फुगले होते आणि गाठी सुपारीसारख्या टणक झाल्या होत्या. आतून गार्डसाहेबांचा आवाज येत होता, पण तो दाराकडून नव्हे. तो मोरीच्या भोकातून, मोटारीच्या पोटाखालून येत होता.

"बाहेर कोण आहे?"

सगळी भांगरवाडी बाहेर होती. अंबाजी इरलं घेऊन चिखलात आडवा झाला आणि त्यानं भोकाला तोंड लावलं. "गार्डसायेब, आमी हाय. तुमी बरं हाय न्हवं?"

"मी उत्तम आहे. गळती नाही."

बद्रुद्दीन गाठींशी झटून थकला. "कैची आणतो," तो पडलेल्या चेहऱ्यानं म्हणाला.

"खबरदार!" मोरी गरजली. "एक टाका कापायचा नाही! सहा आठवडे विचार करून घातलेली खोळ मी एका दिवसात कापू? लोक काय म्हणतील? कापड वाळलं की सैल होईल. तोवर मी थांबतो. गार्ड आपला डबा सोडत नसतो."

"वाळल्यावर गाठी सुटतील हे खरं, साहेब. पण वाळणार कधी?" बद्रुद्दीननं विचारलं.

अंबाजीनं आडव्यानंच आभाळाकडं पाहिलं. "दसऱ्याला," तो म्हणाला.

एवढ्यात छत्री सावरत हौशीराम आला. त्यानं चाकं पाहिली, ती दिसत होती. मग त्यानं मोटारीच्या पोटातला आवाज ऐकला आणि तो काळजीत पडला. वाहनात माणूस चोवीस तासांहून जास्त राहिला तर ते घर होतं, असं त्यानं मोठ्या नाइलाजानं सांगितलं. घर झालं की नकाशा आला. गार्डसाहेब आतून "नियम बरोबर आहे" म्हणाले आणि मग बराच वेळ त्यांचा आवाज आला नाही. बिस्किटं संपली असावीत. त्यांना रडू आलं होतं, हे त्यांनी पुढं कितीतरी वर्षांनी एकट्या बायकोला सांगितलं.

अजीजुन्निसाबी इतका वेळ ओट्यावर उभ्या होत्या. त्यांना नवऱ्याचा राग आला होता, कीव आली होती आणि हसूही आलं होतं. दुधाची लॉरी घेऊन बजरंग तेवढ्यात पोचला, तसं त्यांनी त्याला जवळ बोलावलं.

"बजरंग, पाऊस कुठवर आहे रे?"

"कामशेतपत्तुर दाट, भाबी. वडगावला भुरभुर. तळेगाव सोडलं की रस्त्याला धुरळा हाय. तिकडं अजून थेंब न्हाई."

"आणि जुन्नरला?"

"जुन्नरला कडक ऊन."

मावळातल्या कुणालाही हे विचारायची गरज नसते. इथं पेरणी बुडत असते तेव्हा पंधरा कोसांवर लोक आभाळाकडं बघत बसलेले असतात. पण सहा आठवड्यांत ते एकाही पक्षाच्या डोक्यात आलं नव्हतं. अजीजुन्निसाबींनी पदर खोचला, त्या अंबाजीला बाजूला सारून चिखलात बसल्या आणि वाकल्या.

"अहो, ऐकलंत? खोळ वाळवायची तर गाडी उन्हात न्यायला पाहिजे."

आतून प्रश्न आला, "किती लांब?"

"ऊन लागेपर्यंत."

"तत्त्वतः बरोबर आहे," मोरी सावकाश म्हणाली. "पण तोंडी चालणार नाही. लेखी पाहिजे."

अजीजुन्निसाबींनी घरातून कागद-पेन्सिल आणली. 'खोळ वाळविण्यासाठी गाडी पूर्वेकडे न्यावी व कापड पूर्ण कोरडे होईपर्यंत थांबवू नये,' असं लिहून सुरळी भोकातून वर सरकवली. दोन मिनिटांनी ती खाली आली. सही होती आणि वेळ होती: नऊ सतरा.

पेटी भरायला त्यांना त्यानंतर सात मिनिटं लागली. बजरंगनं दुधाची लॉरी सोबत्याच्या हवाली केली आणि पुढचं टोपडं सोडलं. ते सुदैवानं साध्या नाडीचं होतं. अजीजुन्निसाबी ड्रायव्हरशेजारच्या बैठकीवर चढून बसल्या. मोटार हलली तेव्हा मोटारीखालून गार्डसाहेबांची शिट्टी ऐकू आली.

बजरंग म्हणाला तसंच झालं. वडगावला पाऊस विरळ झाला, तळेगावच्या पुढं रस्त्यावर चक्क सावल्या पडू लागल्या. चाकणला पाण्यासाठी थांबले तेव्हा लोक जमले. पांढऱ्या कापडात घट्ट बांधलेली मोटार बघून हा कुणातरी नवाबाचा जनाना असावा, असं त्यांनी ठरवलं आणि अदबीनं मान खाली घातली. एका म्हाताऱ्यानं धीर करून विचारलं, "बाईसाहेब, पडद्यात कोन हाय?"

"आमचे साहेब," अजीजुन्निसाबी म्हणाल्या आणि पाण्याचा तांब्या परत दिला.

आत गार्डसाहेबांना काहीच दिसत नव्हतं. चाकांच्या आवाजावरून ते स्टेशनं ओळखत होते आणि सगळी चुकत होती. मोरीच्या भोकातून आधी चिखल दिसला, मग ओली वाळू, मग पांढरी धूळ वर येऊ लागली. ती त्यांच्या काळ्या कोटावर बसली तरी त्यांनी झटकली नाही.

मंचरला बजरंगनं उतरून गाठी दाबून पाहिल्या. "भाबी, कापड वाळलं. गाठी सैल झाल्यात. सोडू का?"

अजीजुन्निसाबींनी पेटीवर हात ठेवला. गाठी इथं सोडल्या की काम फत्ते झालं म्हणून गाडी लोणावळ्याकडं वळणार, आणि पेटी पुन्हा रिकामी होणार, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. संसारात त्या नवऱ्याशी कधी खोटं बोलल्या नव्हत्या. "अजून ओलसर आहे," त्या मोठ्यानं, मोरीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "चल पुढं."

तीन वाजून पाच मिनिटांनी मोटार जुन्नरच्या एका आळीत थांबली. उंबऱ्यावर जैतुनबी पाय पसरून बसली होती. तिला उठता येईना. अजीजुन्निसाबी उतरल्या त्या पेटी, छत्री, चपला सगळं तिथंच टाकून धावल्या, आणि दोघी म्हाताऱ्या उंबऱ्यातच एकमेकींच्या गळ्यात पडून रडू लागल्या. रडता रडता बोलू लागल्या आणि बोलता बोलता हसू लागल्या.

बजरंगनं बावीस बंद सोडले. गार्डसाहेब धुळीनं पांढरे होऊन बाहेर आले. त्यांच्याकडं कुणाचंही लक्ष गेलं नाही. ते उन्हात उभे राहून बायकोचा चेहरा बघत राहिले. असा चेहरा त्यांनी कितीतरी वर्षांत पाहिला नव्हता, आणि तो बघायला फक्त साडेपाच तास लागले, हे कळून त्यांना फार लाज वाटली. काहीतरी बोलायला हवं होतं. पण अशा वेळचं वाक्य एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

"परत कधी निघायचं?" त्यांनी चाचरत विचारलं.

"खोळ कोरडी ठेवायची ना?" अजीजुन्निसाबी डोळे पुसत म्हणाल्या. "लोणावळ्याचा पाऊस थांबला की."

गार्डसाहेबांनी मान हलवली. मग ते मेहुणीला म्हणाले, "गाडी व्यवस्थित पोचली."

जैतुनबीनं त्यांना टोपीपासून बुटांपर्यंत न्याहाळलं. "सत्तावीस वर्षं लेट, दुल्हेभाई," ती म्हणाली.

लेट झालेल्या गाडीची नोंद करावीच लागते. गार्डसाहेबांनी खिशातून वही काढली, मांडी घालून तिथंच ओट्यावर बसले आणि नवीन पानावर लिहिलं: 'जुन्नर. तीन पाच. उशीर सत्तावीस वर्षं.' त्याच्यापुढं उशिराचं कारण लिहायचं असतं. पेन्सिल बराच वेळ थांबली. मग त्यांनी तिथं 'गार्ड' एवढंच लिहिलं, खाली सही केली आणि वही बायकोच्या हातात दिली.